पक्षी आणि लेन्स यांच्यामधली हवा

नांदूर मध्यमेश्वरहून परत येऊन कार्ड लॅपटॉपला लावलं की नव्या मंडळींची तक्रार ठरलेली असते: पाचशे फोटो काढले, एकही शार्प नाही. मग लेन्सवर संशय येतो, कॅमेऱ्याचा फोकस चुकतोय असं वाटतं, आणि आणखी मोठ्या लेन्सच्या किमती बघायला सुरुवात होते. निफाड तालुक्यातल्या या पाणथळीवर दोष बहुतेक वेळा लेन्सचा नसतो. पक्षी आणि लेन्स यांच्यामध्ये किती हवा आहे आणि ती कशी आहे, यावर निम्म्याहून जास्त निकाल लागतो. म्हणून हा लेख तिथूनच सुरू करतो.

आधी साधं गणित. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ६०० एमएमची लेन्स असेल तर पक्षी जितके मीटर लांब, त्याला ०.०६ ने गुणा. तेवढ्या मीटर रुंदीचं दृश्य फ्रेममध्ये मावतं. ५० मीटरवर ही रुंदी ३ मीटर होते. थापट्या बदक चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण अर्धा मीटर, म्हणजे फ्रेमचा सहावा भाग. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे ६००० पिक्सेल असतात, त्यातले हजार बदकाच्या वाट्याला आले. १०० मीटरवर तेच बदक ५०० पिक्सेलचं होतं, २० मीटरवर अडीच हजारांचं. ४०० एमएमची लेन्स त्याहून लहान, एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर लावली तर हिशेब जवळपास हाच राहतो. खंड्यासारखा वीतभरापेक्षा लहान पक्षी असेल, समजा छोटा खंड्या, साधारण १७ सेंटिमीटरचा, तर १० मीटरवर त्याचे १७०० पिक्सेल मिळतात आणि ३० मीटरवर जेमतेम साडेपाचशे. हजाराच्या खाली गेलेला पक्षी ओळख पटवायला चालतो, पिसांचा पोत दाखवायला नाही. क्रॉप करून तो मोठा दिसेल, पण त्यात नवीन काही येणार नाही.

आता हवेचं. हवेच्या वेगवेगळ्या तापमानाच्या थरांतून प्रकाश वेगवेगळा वाकतो. चुलीच्या वरची भिंत थरथरताना दिसते तोच प्रकार. उन्हाळ्यात हे सगळ्यांना माहीत असतं, पण थंडीतही ते होतं याचा अनेकांना पत्ता नसतो. निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याची बातमी ज्या दिवशी येते, त्या पहाटे पाणी हवेपेक्षा बरंच गरम असतं. पाण्यावर वाफा दिसतात त्या त्यामुळेच. तेवढ्या वेळात पाण्यालगतून शंभर मीटर पलीकडे नेम धरला तर चित्र मऊच येणार. वाफा विरल्या आणि सूर्य वर आला की थोडा वेळ हवा शांत असते. मग काठावरचा चिखल, बंधाऱ्याचे दगड आणि नांगरलेली काळी रानं तापायला लागतात आणि साडेनऊ-दहानंतर लांबचा प्रत्येक फोटो थरथरतो. ढगाळ दिवशी हा त्रास पुष्कळ कमी असतो, त्यामुळे ढग आले म्हणून बेत रद्द करू नये.

फोटो नेमका कशाने बिघडला हे घरी बसून ओळखता येतं. हात हलला असेल तर डोळ्यातला पांढरा ठिपका एका दिशेला ओढलेला दिसतो, रेघेसारखा. फोकस चुकला असेल तर पक्षी मऊ, पण त्याच्या पुढचं किंवा मागचं गवत टोकदार असतं. फ्रेममध्ये कुठेच काही शार्प नाही, आणि एकाच बर्स्टमधल्या लागोपाठच्या फोटोंत चोचीची कड कधी जाड कधी बारीक, कधी किंचित वाकडी दिसतेय, तर ती हवा. हवेने बिघडलेल्या फोटोवर कुठलंच सॉफ्टवेअर खरा इलाज करत नाही. जागेवरच खात्री करायची असेल तर लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून लांबच्या पक्ष्याची कड बघावी. ती पाण्याखालच्या दगडासारखी हलत असेल तर त्या दिशेला बटण दाबायचंच नाही, जवळचं काही शोधायचं.

या प्रकारातली सगळ्यांत टाळता येण्यासारखी चूक गाडीत होते. नाशिकहून पहाटे साडेपाचला निघताना काचा बंद असतात, कधी हीटरही लावलेला असतो. पाऊण-एक तासाने धरणाच्या काठी पोचून काच खाली केली की आतली गरम हवा खिडकीतून बाहेर पडते, नेमकी लेन्सच्या समोरून. शिवाय लेन्स स्वतः गरम असते आणि तिच्या पुढच्या हूडच्या नळीत गरम-गार हवा घोळत राहते. उपाय फुकटचा आहे. कॅमेऱ्याची बॅग मागे डिकीत ठेवा, पोचायच्या पंधरा मिनिटं आधी काचा उघडा, थंडी सोसा. तेवढं करूनही पहिले फोटो मऊ येत असतील तर पाच मिनिटं हूड काढून बघा. परतताना उलटं करायचं: गार झालेली लेन्स बॅगेत बंद करूनच घरात न्यायची आणि तासभर चेन उघडायची नाही. थंड काचेवर घरातल्या दमट हवेचं पाणी साचतं आणि पुढे तीच बुरशीची सुरुवात ठरते.

अंतर कमी करायचं म्हणजे पक्ष्याकडे चालत जायचं, असा अर्थ काढू नका. पक्ष्याने अंतर कमी करावं यासाठी बसायचं. चापडगाव आणि खानगाव थडीच्या बाजूला निरीक्षणाचे मनोरे आहेत. मनोऱ्यावरून नजरेची रेघ पाण्याच्या पृष्ठभागापासून वर राहते, त्यामुळे हवेची थरथर जरा कमी लागते आणि कुठले थवे कुठे बसलेत याचा अंदाज येतो. पण वरून काढलेला बदकाचा फोटो पाठीचा फोटो होतो. पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवरून काढला की मागचं पाणी दूर जाऊन धूसर होतं आणि पक्षी सुटा दिसतो. म्हणून माझं मत: आधी मनोरा, पंधरा मिनिटं नुसती दुर्बीण, आणि मग काठावरच्या बाभळीच्या किंवा पाणकणसाच्या आडोशाला जमिनीवर बसकण मारायची. निदान चाळीस मिनिटं. पहिली दहा-पंधरा मिनिटं काहीच होत नाही. मग टिबुकली येते, तिच्यामागून वारकरी नावाचा काळा पाणपक्षी, आणि ते निवांत चरताहेत असं दिसलं की बदकंही हळूहळू काठाकडे सरकतात. गावातले गाईड ही वेळ आणि जागा आपल्यापेक्षा चांगली जाणतात. त्यांना सोबत घ्या, त्यांनी थांबा म्हटलं की थांबा.

पक्षी उडण्याआधी सांगतो. मान ताठ होते, चरणं थांबतं, अंग आपल्यापासून दूर वळतं, मग तो चालत किंवा पोहत लांब जायला लागतो. मोठे पक्षी उडायच्या आधी बऱ्याचदा विष्ठा टाकतात. मान ताठ झाली तिथेच आपण गोठायचं. ती खाली गेली तरच पुढचं पाऊल. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पट्टकादंब हंसांचा थवा एका फोटोसाठी उठवला तर त्यांची शिदोरी आपण खर्च करतो, आणि शिवाय फोटोही शेपट्यांचाच मिळतो.

बसायची जागा निवडताना दोन गोष्टी बघायच्या, ऊन आणि वारा. सकाळी ऊन पाठीशी हवं तर पाण्याच्या पूर्वेच्या काठावर बसून पश्चिमेकडे बघायचं, संध्याकाळी उलट. जानेवारीत नाशिकला सूर्योदय सव्वासातच्या आसपास होतो, तेव्हा साडेसात ते नऊ ही खरी कामाची वेळ. वाऱ्याचं महत्त्व मात्र फारसं कोणी सांगत नाही. पक्षी उतरताना आणि उडताना वाऱ्याला तोंड देतात. वारा आपल्या पाठीवर येत असेल तर उतरणारं प्रत्येक बदक आपल्याकडे तोंड करून, पाय पुढे काढून, पंख पसरून येईल. वारा समोरून असेल तर दिवसभर पाठी मिळतील. ऊन आणि वारा दोन्ही पाठीवर असलेली सकाळ मिळाली तर जागा अजिबात सोडू नका.

गाडी हाच उत्तम आडोसा आहे. माणूस खाली उतरला की उडणारा पक्षी गाडीला कित्येकदा दाद देत नाही. इंजिन बंद करायचं, नाहीतर त्याची थरथर थेट लेन्समध्ये येते. दारावर बीनबॅग. ती विकत घेण्याची गरज नाही: जुन्या जीन्सचा पाय गुडघ्याच्या खाली कापायचा, एक तोंड दुहेरी शिवायचं, दुसऱ्याला चेन लावायची आणि आत दोन-अडीच किलो तांदूळ किंवा ज्वारी भरायची. गच्च भरली तर लेन्स वर डुगडुगते, तीन चतुर्थांश भरली की दाराच्या कडेवर बसते आणि लेन्सला खाच मिळते. धान्य आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मग आत घालावं, नाहीतर धुक्यात भिजून वास येतो आणि पावसाळ्यात किडे होतात.

शटर स्पीडबद्दल थोडक्यात. बसलेल्या पक्ष्याला १/५०० ते १/८०० सेकंद पुरतं. चित्रबलाक, चमचा, राखी बगळा असे सावकाश पंख मारणारे मोठे पक्षी उडताना १/१६००. बदकं पंख फार जलद मारतात, त्यांना १/२५००च्या खाली पंखांची टोकं फुसकी येतात. खंड्याच्या बुडीला १/३२०० किंवा अधिक. १/२०००च्या वर लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद केलं तरी चालतं. आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता, वाढल्याची भीती बाळगू नका. १६००चा दाणेदार पण शार्प फोटो स्वच्छ करता येतो, १/४००ला हललेला आयएसओ २००चा फोटो कोणालाच सावरता येत नाही.

एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ येतो ते, मात्र सविस्तर समजून घेण्यासारखं आहे, कारण नांदूर मध्यमेश्वरला काळं, पांढरं आणि चमकणारं पाणी एकाच फ्रेममध्ये येतं. कॅमेऱ्याचा मीटर जे दिसेल ते मधल्या करड्या रंगाचं करायला बघतो. गडद हिरव्या पाणकणसापुढे पांढरा बगळा उभा असेल तर मीटर त्या गडदपणाला उजळायला जातो आणि बगळ्याची पिसं जळतात, म्हणजे पोत जाऊन नुसती पांढरी होतात. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं चाक -१ ते -१.३ वर लागतं. पाणकावळा किंवा वारकरी फ्रेम भरून असेल तर -०.७. उडता पक्षी उजळ आकाशापुढे असेल तर +१ ते +१.७, नाहीतर पक्ष्याची नुसती सावली उरते. पण उडताना पक्षी आकाशातून झाडीपुढे आणि झाडीतून पाण्यापुढे जातो. तेवढ्या वेळात कोण चाक फिरवणार?

म्हणून उन्हाच्या दिवशी सरळ मॅन्युअल वापरावं. स्वच्छ उन्हात एफ १६ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक असताना, शटर म्हणजे आयएसओच्या आकड्याचा व्यस्त, हा जुना फिल्मच्या काळातला नियम आजही खरा आहे. आयएसओ ४००ला एफ १६वर १/४००. एफ ५.६ म्हणजे तीन स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश दुप्पट) उघडलेलं, तेव्हा १/३२००. हे आकडे लावून ठेवले की पक्षी कशाच्याही पुढून जाऊ दे, ऊन तेच आहे तोवर एक्स्पोजर तेच. पांढऱ्या बगळ्यांसाठी यातून एक स्टॉप कमी करायचा, म्हणजे आयएसओ २००. हा नियम सूर्य बऱ्यापैकी वर आल्यानंतरचा आहे. सकाळी साडेसातच्या कोवळ्या उन्हात एक-दीड स्टॉप जास्त लागतो. एखादा फोटो काढून हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघा. उजवीकडचा डोंगर भिंतीला टेकू नये, पण भिंतीच्या जवळ असावा. जळालेले भाग (हायलाइट) लुकलुकण्याची सोय चालू ठेवा. पाण्यावरची चमक लुकलुकली तर हरकत नाही, बगळ्याची पाठ लुकलुकली तर परत काढा.

फोकसला पक्ष्याचा डोळा ओळखणारे कॅमेरे आले त्याने काम सोपं झालं, पण पाणकणसाच्या काड्यांत ते हमखास फसतात. कॅमेरा पुढची काडी पकडतो, जांभळी पाणकोंबडी मागे धूसर. अशा वेळी सगळ्यांत छोटा एकच फोकस बिंदू, सतत फोकसचा मोड आणि फोकस शटरवरून काढून मागच्या बटणावर. काडी आड आली की अंगठा उचलायचा, फोकस तिथेच थांबतो. लेन्सवर फोकसची मर्यादा ठरवणारा खटका असेल तर लांबच्या पक्ष्यांसाठी जवळचा भाग वगळा, म्हणजे फोकस सुटल्यावर लेन्स पार जवळपर्यंत जाऊन परत येण्यात वेळ घालवत नाही. आणि जवळ आलेल्या पक्ष्याचं खोलीचं क्षेत्र, म्हणजे पुढून मागे जेवढा भाग शार्प येतो तो, किती उथळ असतं ते लक्षात घ्या. ६०० एमएम, एफ ६.३, अंतर १० मीटर: जेमतेम १० सेंटिमीटर. समोर तोंड केलेल्या चमच्याचा डोळा शार्प असेल तर चोचीचं टोक सुटणारच. चोच हवी असेल तर तो बाजूने उभा राहीपर्यंत थांबा, किंवा एफ ९-१० पर्यंत जा.

सरावासाठी इतक्या लांब जायचीही गरज नाही. गोदाघाटावर आणि सोमेश्वरला घारी, ढोकऱ्या, धोबी पक्षी माणसांना सरावलेले असतात. घार संथ वळणं घेते, तिच्यावर तीन रविवार हात बसवला की मग बदकं जमतात. गंगापूर धरणाच्या फुगवट्याला शेकाटे आणि सुरय मिळतात. येवल्याजवळच्या ममदापूरच्या माळावर काळविटांबरोबर माळाचे पक्षी आहेत. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं. तिथलं गणित वेगळं आहे, पक्षी आकाशात आणि आपण खाली, त्यामुळे +१.५ आणि भरपूर संयम. हा पक्षी जगभरात अतिधोक्यात असलेल्यांच्या यादीत आहे आणि वर्षाला एकच अंडं घालतो. जनावरांना देत असलेल्या डायक्लोफेनॅकने त्यांचा नाश झाला, २००६ मध्ये त्या पशुऔषधावर बंदी आली, तरी गेलेली संख्या भरून यायला पिढ्या लागतात. हिवाळ्यात त्यांची घरटी चालू असताना कड्याच्या माथ्यावरून खाली डोकावायचं नाही.

ऋतूचं एक सांगायला हवं. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून स्थलांतरित यायला लागतात, पण तेव्हा धरणात पाणी भरपूर असतं आणि पक्षी दूरवर पसरलेले असतात. पाणी उतरत जातं तसा चिखलाचा पट्टा उघडा पडतो आणि फेब्रुवारीत तुतवार, टिलवे, पाणलावे काठाशी येतात. गर्दी डिसेंबरच्या सुट्ट्यांत असते. चिखलाचे पक्षी बघायचे तर फेब्रुवारीतला आडवार निवडावा. १९८६ पासून अभयारण्य असलेली ही जागा २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाली, त्यानंतर येणाऱ्यांची संख्या वाढलीच आहे.

आता फोटो दाखवण्याचं. इथे आणखी एक अंतर आडवं येतं: आपल्या स्क्रीनवरचा फोटो आणि समोरच्याच्या मोबाइलवर पोचलेला फोटो यांतलं. संपादन रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ, न दाबलेल्या फाइलवर करावं. क्रमाने: एक्स्पोजर, पांढरा रंग, क्रॉप, दाणे कमी करणं. मग लांब बाजू २०४८ पिक्सेलवर आणायची, आणि शार्पनिंग त्यानंतर. आधी शार्प करून मग छोटा केला तर पिसांच्या कडेला पांढरी रेघ येते. रंगाचं क्षेत्र एसआरजीबी ठेवा. अ‍ॅडोबी आरजीबीमध्ये पाठवलेला नीलपंख बऱ्याच मोबाइलवर धुतल्यासारखा फिका दिसतो. जेपेगची गुणवत्ता ८० ते ८५ पुरेशी आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने फोटो टाकला तर तो पुन्हा दाबला जातो आणि पिसांचा पोत सगळ्यांत आधी जातो. एचडीचा पर्याय निवडला तर बरं. ओळख विचारायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, फाइल जशीच्या तशी पोचते. पण इथे एक धोका आहे. साध्या फोटोतून आतली माहिती गळून जाते, डॉक्युमेंटमधून ती जात नाही. कॅमेरा मोबाइलला जोडून जीपीएस चालू ठेवलं असेल तर घरट्याचे अक्षांश-रेखांश फाइलबरोबर प्रत्येकाच्या हातात पडतात. तेव्हा फाइल बाहेर काढतानाच ठिकाणाची माहिती काढून टाकण्याचा पर्याय निवडा.

ठिकाण कोणाचं सांगायचं नाही? घरट्याचं, कुठलंही. गिधाडांच्या कड्याचं. आणि घुबडांच्या बसायच्या झाडाचं, विशेषतः दिवाळीच्या आधी. लक्ष्मीपूजनाच्या दिवसांत अंधश्रद्धेपोटी घुबडं पकडली जातात हे सगळ्यांना माहीत आहे, तरी शृंगी घुबडाच्या फोटोखाली गावाचं नाव लिहिलेलं दिसतं. तालुका लिहिला की पुरे. फोटोतल्या मागच्या खुणाही बघा; ओळखीचं देऊळ किंवा पुलाचा खांब दिसत असेल तर नाव न लिहूनही पत्ता दिल्यासारखंच आहे. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर धोक्यातल्या ठरावीक जातींच्या जागा आपोआप लपवल्या जातात, आपल्या ग्रुपमध्ये ते काम आपल्यालाच करावं लागतं. घरट्याचे फोटो तर काढूच नयेत असं माझं ठाम मत आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना त्रास देणं ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच घातलेलं आहे. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं हाही त्रासच. त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला, आणि चारा शोधायचं सोडून तो भांडायला येतो.

ओळख विचारताना सगळ्यांत सुंदर फोटो पाठवू नका, सगळ्यांत बोलका पाठवा. छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा यांत पायांचा रंग निर्णायक असतो, पहिल्याचे काळे, दुसऱ्याचे पिवळट, आणि नेमके पाय चिखलात असतात. पाणलाव्यांत साधा कुठला आणि सुईसारख्या शेपटीचा कुठला हे बसलेल्या फोटोवरून ठरवणं अवघड. उडताना पंखाच्या मागच्या कडेला ठसठशीत पांढरी किनार दिसली तर तो साधा. म्हणून उडता फोटो धूसर असला तरी तो फेकू नका. भोवत्या या शिकारी पक्ष्यांच्या माद्यांत चेहऱ्यामागची फिकट पट्टी बघतात, तेव्हा तोंडाचा एक फोटो आणि पंखाखालचा एक असे दोन हवेत. सोबत तारीख, वेळ, तालुका, पक्षी काय करत होता, आणि क्रॉप न केलेली एक प्रत. आसपासच्या पक्ष्यांशी तुलना करून आकार कळतो, क्रॉपमध्ये तोच पुरावा कापला जातो. नाव लिहिताना नुसतं ‘धोबी’ लिहू नये, पांढरा, करडा की पिवळा ते लिहावं. कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी महिन्यातून एकदा जुळवा. दोघांनी टिपलेला एकच गरुड वेळा न जुळल्यामुळे दोन वेगळे पक्षी ठरू शकतो.

दाणे घालवणारी आणि शार्प करणारी नवी एआय सॉफ्टवेअरं जपून वापरा. चारशे पिक्सेलच्या पक्ष्यावर ती पिसं रंगवतात, म्हणजे खरोखर नसलेल्या रेघा काढतात. छातीवर रेघा आहेत की नाहीत यावर ओळख ठरणार असेल तर असा फोटो दिशाभूल करतो, आणि तो पुरावा म्हणून नोंदीत गेला तर काढणं अवघड होतं. आकाश बदलणं, फांदी पुसणं हेही केलं असेल तर तसं लिहावं. ओळखीसाठीच्या प्रतीवर यातलं काहीही करू नये.

जखमी पक्षी दिसला तर फोटो एकच, आणि तो वनखात्याला दाखवण्यापुरता. येवल्यात आणि नाशिकमध्ये संक्रांतीच्या आसपास नायलॉन मांजात अडकलेले पक्षी सापडतात. मांजा ओढू नका, पंखाची कातडी फाटते. पक्ष्यावर कापड टाकून, मांजा झाडाच्या बाजूने कापून, त्याला हवेशीर खोक्यात अंधारात ठेवा आणि १९२६ या वनखात्याच्या मदत क्रमांकावर फोन करा. पाणी पाजू नका.

शेवटी ज्या फोटोंचा उपयोग दूरवर होतो त्यांबद्दल. पट्टकादंबांच्या थव्यात एखाद्याच्या गळ्यात रंगीत पट्टा दिसतो. मंगोलियात अभ्यासकांनी असे पट्टे घातलेले पट्टकादंब भारतात हिवाळ्यात सापडले आहेत. पट्ट्यावरची अक्षरं वाचता आली तर तो कुठून आला, कधी पट्टा घातला हे कळतं, आणि पुढच्या हिवाळ्यात तोच इथे परत आला का हेही. हा फोटो सुंदर असण्याची काहीच गरज नाही. थवा शांत असेल तिथूनच, जवळ न जाता, मान वळेल तसा दर वेळी फोटो काढा, तीस-चाळीस निघाले तरी चालतील, कारण हवेच्या थरथरीत यू आणि व्ही, तीन आणि आठ सारखेच दिसतात आणि एखाद्याच क्षणी अक्षर सुटं होतं. पट्ट्याचा रंग, अक्षरांचा रंग, ती वरून खाली वाचायची की खालून वर, पायात कडं आहे का आणि कुठल्या पायात, हे लगेच वहीत लिहा. सगळे फोटो एका ओळीत लावून प्रत्येक अक्षर निदान तीन फोटोंत तेच दिसतं का ते बघा. दोन अक्षरं पक्की आणि तिसरं शंकेचं असेल तर तिसऱ्याच्या जागी प्रश्नचिन्ह टाकून तसंच पाठवा. आणि फाइलला हात लावू नका, शार्पनिंगसुद्धा नको.